बेळगाव परिसर

बेळगाव परिसर म्हणजे कर्नाटक राज्याच्या वायव्य भागात, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसलेल्या बेळगाव शहराभोवतीचा प्रदेश होय. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक या तीन राज्यांच्या सीमा या प्रदेशाजवळ येतात. समशीतोष्ण हवा, घाटमाथ्यावरील अरण्ये, धबधबे, प्राचीन मंदिरे आणि मराठी व कन्नड या दोन भाषांचा शतकानुशतकांचा सहवास ही या परिसराची प्रमुख वैशिष्ट्ये आहेत. बेळगाव शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४.९ लाख, तर जिल्ह्याची सुमारे ४७.८ लाख होती. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव 'बेळगावी' असे आहे. मराठीत 'बेळगाव' हेच नाव रूढ आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर हा प्रदेश महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यातील सीमावादाचा केंद्रबिंदू ठरला.

नाव

शहराचे जुने नाव 'वेणुग्राम' असे होते. वेणू म्हणजे वेळू किंवा बांबू. त्यावरून 'बांबूंचे गाव' असा त्याचा अर्थ सांगितला जातो. मोगलांच्या काळात शहराला 'आझमनगर' असे नाव मिळाले, पण ते टिकले नाही. इंग्रजी अमदानीत 'बेळगाव' हे रूप सरकारी कागदपत्रांत स्थिरावले.

भूगोल आणि हवामान

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्राचा किनारा सरळ रेषेत मोजल्यास येथून शंभर किलोमीटरच्या आत येतो. मध्ये सह्याद्रीची रांग आहे. मात्र शहर रांगेच्या पायथ्याशी नसून घाटमाथ्याला लागून असलेल्या पठारावर आहे. या स्थानामुळे समुद्रावरून येणारी दमट हवा येथपर्यंत पोहोचते आणि उंचीमुळे उष्मा कमी होतो. सोलापूर शहराचा उन्हाळ्यातील पारा अनेकदा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. बेळगावात एप्रिल महिन्यातील कमाल तापमान सामान्यतः ३६ अंशांच्या आसपास राहते. मे महिन्यात येणारे वळवाचे पाऊस उन्हाळा लवकर संपवतात. हिवाळा सौम्य असून पहाटे धुके पडते. या हवेमुळे बेळगावला 'गरिबांचे महाबळेश्वर' असे म्हटले जात असे.

पावसाचे प्रमाण पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जाते. खानापूर तालुक्यातील कणकुंबी व जांबोटी येथे अतिवृष्टी होते. बेळगाव शहरात मध्यम स्वरूपाचा पाऊस पडतो. अथणी, रामदुर्ग यांसारखे पूर्वेकडील तालुके मात्र पर्जन्यछायेत असून अवर्षणप्रवण आहेत. त्यामुळे एकाच जिल्ह्यात पश्चिमेस भातशेती व सदाहरित अरण्ये, मध्यभागी ऊस आणि भाजीपाला, तर पूर्वेस ज्वारी असे तीन पट्टे दिसतात. आहारही त्याप्रमाणे बदलतो: खानापुरात भात हे मुख्य अन्न, तर पूर्वेकडे ज्वारीची भाकरी. बेळगाव तालुक्यातील रताळी व बटाटे आणि निपाणीचा तंबाखू ही येथील नावाजलेली पिके आहेत.

कणकुंबी येथे मलप्रभा नदीचा उगम होतो. पूर्ववाहिनी मलप्रभा आणि घटप्रभा या दोन्ही नद्या पुढे कृष्णेला मिळतात. बेळगावजवळून वाहणारी मार्कंडेय नदी ही घटप्रभेची उपनदी असून तिच्यावरील राकसकोप जलाशयातून शहराला पाणीपुरवठा होतो. खानापूर तालुक्यातच भीमगडच्या अरण्यात उगम पावणारी म्हादई नदी मात्र पश्चिमेस गोव्याकडे वाहते आणि तेथे मांडवी या नावाने समुद्रास मिळते. म्हादईचे काही पाणी मलप्रभेत वळविण्याच्या कर्नाटकाच्या प्रकल्पावरून गोवा व कर्नाटक यांच्यात वाद आहे. याविषयी नेमलेल्या लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला. अशा रीतीने या लहानशा घाटमाथ्यावर भाषेची सीमा, राज्यांची सीमा आणि जलविभाजक अशा तीन रेषा परस्परांजवळ येतात. परंतु त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत.

इतिहास

खानापूर तालुक्यातील हलशी, प्राचीन नाव पलाशिका, हे आरंभीच्या कदंब राजांचे एक सत्ताकेंद्र होते. पुढे हा प्रदेश गोव्याच्या कदंबांकडे आला. तेराव्या शतकाच्या प्रारंभी सौंदत्तीच्या रट्ट घराण्याची राजधानी वेणुग्राम येथे होती. रट्टांचा अधिकारी बिचिराजा याने १२०४ च्या सुमारास बेळगावचा भुईकोट किल्ला व त्यातील कमलबस्ती हे जैन मंदिर उभारले. त्याच शतकात हा प्रदेश देवगिरीच्या यादवांकडे गेला. त्यानंतर विजयनगर, बहमनी आणि विजापूरची आदिलशाही यांच्या सत्ता येथे आल्या. पुढे मोगल व मराठे यांच्या अमलानंतर १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला.

कित्तूर संस्थानाच्या राणी चन्नम्मा यांनी १८२४ मध्ये इंग्रजांविरुद्ध दिलेला लढा हा या भागाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा आहे. पहिल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. दुसऱ्या लढाईत कित्तूर पडले. राणी चन्नम्मा यांचा १८२९ मध्ये बैलहोंगल येथे कैदेत मृत्यू झाला. त्यांचे सहकारी संगोळ्ळी रायण्णा यांना १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी देण्यात आली.

इंग्रजी अमदानीत बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. आज शहराचाच भाग असलेले शहापूर त्या काळी सांगली संस्थानात होते. रामदुर्ग हे स्वतंत्र संस्थान होते. पेशवाई आणि तिच्यानंतरची पटवर्धनी संस्थाने यांच्या कारभारामुळे मराठी ही दीर्घकाळ दप्तराची व व्यवहाराची भाषा राहिली. ग्रामीण भागात, विशेषतः पूर्वेकडे, कन्नड ही लोकभाषा होती.

दोन एकीकरणांचे एक शहर

लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना बेळगाव येथे केली. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे ३९ वे अधिवेशन येथे भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले हे काँग्रेसचे एकमेव अधिवेशन होय. अधिवेशनाच्या व्यवस्थेत 'कर्नाटक सिंह' म्हणून ओळखले जाणारे गंगाधरराव देशपांडे यांचा मोठा वाटा होता. अधिवेशनासाठी वसविलेल्या नगरास 'विजयनगर' असे नाव देण्यात आले होते. पाण्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडी भागात आजही 'काँग्रेस विहीर' या नावाने दाखविली जाते.

याच अधिवेशनाच्या निमित्ताने कन्नड भाषिक प्रदेशांच्या एकत्रीकरणासाठी पहिली कर्नाटक एकीकरण परिषद बेळगावातच भरली. पुढे मे १९४६ मध्ये याच शहरात, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला आणि त्या चळवळीला संघटित रूप मिळण्यास आरंभ झाला. एकाच शहरातून दोन भाषिक राज्यांच्या मागण्यांना बळ मिळाले. दोन्ही मागण्यांच्या नकाशात ते शहर आपलेच होते. सीमावादाची तीव्रता समजण्यासाठी ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते.

सीमाप्रश्न

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अंमलात आली आणि बेळगाव जिल्ह्याचा बहुतांश भाग मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि कारवार भागातील मराठी भाषिकांनी या निर्णयास विरोध केला. जानेवारी १९५६ मधील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडलेल्यांच्या स्मरणार्थ सीमाभागात १७ जानेवारी हा 'हुतात्मा दिन' म्हणून पाळला जातो. १ नोव्हेंबर हा दिवस कन्नड भाषिक 'राज्योत्सव' म्हणून साजरा करतात, तर महाराष्ट्र एकीकरण समिती तो 'काळा दिन' म्हणून पाळते.

खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा या चार तत्त्वांवर सीमा ठरवावी, अशी महाराष्ट्राची भूमिका आहे. १९५६ च्या कायद्याने ठरलेली सीमा कायम राहावी आणि बदल करायचाच असेल तर तो महाजन आयोगाच्या शिफारशींनुसारच व्हावा, अशी कर्नाटकाची भूमिका आहे. केंद्र सरकारने १९६६ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या आयोगाने १९६७ मध्ये अहवाल सादर केला. निपाणी, खानापूर व नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, तसेच बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावे, अशी त्याची शिफारस होती. म्हैसूरला द्यावयाच्या गावांत सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट व दक्षिण सोलापूर आणि सांगली जिल्ह्यातील जत या भागांतील कन्नड भाषिक गावांचा समावेश होता. म्हणजे हा प्रश्न केवळ बेळगावचा नव्हता. सोलापूर जिल्ह्याचा दक्षिण भागही त्यात गुंतलेला होता. महाराष्ट्राने हा अहवाल नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो प्रलंबित आहे.

कर्नाटक शासनाने २००६ पासून बेळगावात विधिमंडळाची अधिवेशने भरविण्यास सुरुवात केली. त्यासाठी बांधलेल्या 'सुवर्ण विधानसौध' या इमारतीचे उद्घाटन ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. शहराचे सांस्कृतिक महत्त्वही दोन्ही बाजूंनी अधोरेखित होत राहिले: २००० मध्ये य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे झाले, तर २०११ मध्ये विश्व कन्नड संमेलन येथे भरले.

भाषा आणि संस्कृती

राजकीय वाद सुरू असला तरी घराघरांतील आणि बाजारपेठेतील भाषाव्यवहार मिश्र आहे. अनेक रहिवाशांना मराठी व कन्नड या दोन्ही भाषा येतात. मुस्लिम वस्तीत दखनी उर्दू आणि गोव्याशी संबंध असलेल्या कुटुंबांत कोकणी बोलली जाते. बेळगावी मराठीवर कन्नडच्या हेलाची छाप आहे. वाक्याच्या शेवटी 'की' लावण्याची लकब, वाक्याचा चढउतार आणि काही कन्नड शब्द यांमुळे ही बोली ऐकताक्षणी ओळखू येते. देवाणघेवाण केवळ सीमेपुरती नाही: 'अण्णा', 'अक्का', 'तूप', 'अडकित्ता' हे प्रमाण मराठीत रुळलेले शब्द कन्नडमधून आलेले मानले जातात. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ प्राध्यापक होते. त्यांच्या 'रावसाहेब' या व्यक्तिचित्राने कानडी वळणाची ही मराठी महाराष्ट्रभर पोहोचविली.

मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ख्यातनाम गायक कुमार गंधर्व, मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, यांचा जन्म १९२४ मध्ये बेळगावजवळील सुळेभावी येथे कन्नड भाषिक कुटुंबात झाला. मराठी नाट्यगीते व अभंग यांच्या गायनाने ते महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचले. याच्या उलट दिशेचे उदाहरण शेजारच्या धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे यांचे आहे. घरी मराठी बोलणारे बेंद्रे आधुनिक कन्नड काव्याचे अग्रणी ठरले आणि त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. ते १९४४ ते १९५६ या काळात सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक होते.

शहरातील सार्वजनिक संस्थाही दोन्ही भाषांतील आहेत. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये 'तरुण भारत' हे मराठी वृत्तपत्र येथे सुरू केले. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक लिंगायत एज्युकेशन, म्हणजेच के. एल. ई., संस्थेचा पुढे कर्नाटकभर विस्तार झाला. मराठा लाइट इन्फन्ट्री या पायदळ पलटणीचे प्रशिक्षण केंद्र बेळगावच्या छावणी भागात आहे.

'कुंदा' ही दूध आटवून केलेली मिठाई बेळगावची ओळख मानली जाते. उपड्या मडक्यावर भाजून आत साखरेचे सारण घालून घडी घातलेले 'मांडे' लग्नकार्यात केले जातात. गोकाकचे 'करदंट' हे डिंक, सुकामेवा व गूळ यांचे पक्वान्न जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे.

प्रेक्षणीय स्थळे

बेळगावचा किल्ला: शहराच्या पूर्वेस असलेल्या या भुईकोटाभोवती रुंद खंदक आहे. आतील कमलबस्तीत काळ्या पाषाणातील नेमिनाथांची मूर्ती असून मंडपाच्या छतावर कोरलेले दगडी कमळ पाहण्यासारखे आहे. त्यावरूनच मंदिरास हे नाव मिळाले. किल्ल्यात दुर्गामंदिर, आदिलशाही काळातील साफा मशीद आणि रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. स्वामी विवेकानंद १८९२ मध्ये बेळगावात आले असता भाटे यांच्या घरी उतरले होते.

हलशी आणि देगाव: हलशी येथील भूवराह नरसिंह मंदिर आणि कित्तूरजवळील देगाव येथील कमलनारायण मंदिर ही कदंब शिल्पकलेची उदाहरणे आहेत. कमलनारायण मंदिर बाराव्या शतकात कदंब राणी कमलादेवी हिने बांधविले.

गोकाक धबधबा: घटप्रभा नदी येथे सुमारे ५२ मीटर उंचीच्या कड्यावरून कोसळते. कडा घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे. नदीवर झुलता पूल आहे. पावसाळ्यात गढूळ तांबडे पाणी पूर्ण पात्रभर वाहते; उन्हाळ्यात धार बारीक होते.

भीमगड अभयारण्य: खानापूर तालुक्यातील या अरण्यातील बारापेडे गुहा राऊटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळाच्या दुर्मीळ वसतीसाठी ओळखल्या जातात. अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते.

राजहंसगड: येळ्ळूर येथील हा डोंगरी किल्ला शहराजवळ असून तेथून बेळगावचे पठार आणि पश्चिमेकडील घाटरांग दिसते.

सौंदत्ती आणि चिंचली: सौंदत्तीची यल्लम्मा अर्थात रेणुका आणि रायबाग तालुक्यातील चिंचलीची मायक्का यांच्या यात्रांना महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतून भाविक येतात. राज्यसीमा व भाषासीमा यांपेक्षा जुने असे हे श्रद्धेचे क्षेत्र आहे.

आंबोली: महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हे थंड हवेचे ठिकाण बेळगावहून रस्त्याने गाठता येते. येथे उगम पावणारी हिरण्यकेशी नदी पुढे बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेस मिळते.

जगातील समांतर उदाहरण

डोंगराळ भूभाग, आल्हाददायक हवा, दोन भाषा आणि बदललेली सीमा यांचा असाच संयोग युरोपात आल्प्स पर्वतातील दक्षिण टायरोल या प्रदेशात आढळतो. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून हा जर्मन भाषिक प्रदेश इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या काळात तेथील जर्मन शाळा बंद करण्यात आल्या आणि गावांना इटालियन नावे देण्यात आली. १९४६ मध्ये ऑस्ट्रिया व इटली यांच्यात पॅरिस येथे करार होऊन जर्मन भाषिकांना स्वायत्ततेचे आश्वासन मिळाले. अंमलबजावणी अपुरी ठरल्याने ऑस्ट्रियाने १९६० मध्ये हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९७२ मध्ये व्यापक स्वायत्तता लागू झाली आणि १९९२ मध्ये दोन्ही देशांनी वाद मिटल्याचे जाहीर केले. सीमा मात्र बदलली नाही.

आज तेथे जर्मन व इटालियन या दोन्ही भाषा शासनव्यवहारात समान दर्जाच्या आहेत, तर लादिन ही तिसरी भाषा तिच्या खोऱ्यांत मान्यताप्राप्त आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९ टक्के रहिवाशांनी जर्मन, २६ टक्क्यांनी इटालियन आणि साडेचार टक्क्यांनी लादिन भाषागट नोंदविला. जर्मन व इटालियन भाषिकांच्या शाळा स्वतंत्र आहेत, गावांच्या पाट्या द्विभाषिक आहेत आणि सार्वजनिक नोकऱ्या भाषागटांच्या प्रमाणात दिल्या जातात. मेरानो, जर्मनमध्ये मेरान, हे तेथील शहर थंड आल्प्समध्येही ताडवृक्ष वाढतील अशा सौम्य हवेसाठी प्रसिद्ध असून एकोणिसाव्या शतकापासून हवापालटाचे ठिकाण आहे.

या दोन उदाहरणांत मूलभूत फरक आहेत. दक्षिण टायरोलचा प्रश्न दोन सार्वभौम राष्ट्रांमधील होता. बेळगावचा प्रश्न एकाच संघराज्यातील दोन घटकराज्यांमधील आहे आणि त्यात बदल करण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ३ नुसार संसदेला आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी भारतीय संविधानात स्वतंत्र तरतुदी आहेत. अनुच्छेद २९ व ३० भाषा जतन करण्याचा आणि शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क देतात. १९५६ मधील सातव्या घटनादुरुस्तीने जोडलेला अनुच्छेद ३५०क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींविषयी आहे, तर ३५०ख अन्वये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो. सीमा कोठेही असली तरी तिच्या अलीकडे वा पलीकडे दुसऱ्या भाषेचे लोक उरतातच. त्यामुळे मराठी शाळा, मराठीतील सरकारी कागदपत्रे आणि द्विभाषिक पाट्या या बेळगावातील मागण्यांना, तसेच अक्कलकोट व जत भागातील कन्नड शाळांच्या प्रश्नांना, सीमेच्या निकालापेक्षा वेगळे असे स्वतंत्र महत्त्व आहे.

प्रवास

बेळगाव हे पुणे–बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गावर असून कोल्हापूरपासून सुमारे ११० किलोमीटर अंतरावर आहे. पुणे–मिरज–लोंढा लोहमार्गावर बेळगाव स्थानक आहे. सोलापूरहून रेल्वेने येणाऱ्यांना कुर्डुवाडी व पंढरपूरमार्गे मिरज गाठून पुढे जाता येते. रस्त्याने विजापूरमार्गेही जाता येते. गोव्याकडे जाण्यासाठी चोर्ला घाटाचा मार्ग आहे. विमानतळ शहराजवळ सांबरा येथे आहे.

धबधबे व घाटमाथा पाहण्यासाठी जुलै ते सप्टेंबर, तर किल्ले, मंदिरे आणि अरण्यभ्रमंती यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य मानला जातो. अतिवृष्टीच्या दिवसांत घाटरस्त्यांवर दरडी कोसळण्याचा संभव असतो आणि वन विभाग काही धबधब्यांकडे जाण्यास मनाई करतो. १ नोव्हेंबरच्या सुमारास तसेच सीमाप्रश्नावरील आंदोलनांच्या वेळी आंतरराज्य बससेवा काही काळ खंडित होते. अशा वेळी निघण्यापूर्वी चौकशी करणे आवश्यक ठरते. शहरात, खानापुरात आणि निपाणीत मराठी सर्वत्र समजते. पूर्वेकडील तालुक्यांत कन्नडचा वापर अधिक असून बसवरील गंतव्यस्थानांच्या पाट्या बहुधा कन्नडमध्येच असतात.